घूस, घुबड आणि धानाचा हिशेब

धान पोटरीवर आलं की बांधीच्या मधोमध एखादा पट्टा विरळ दिसायला लागतो. चिखलात उतरून जवळ गेलं की पाण्याच्या वर चार बोटांवर फुटवे तिरपे कापलेले आढळतात. खोडकिडीने पोखरलेला गाभा ओढला की अलगद हातात येतो. इथे मात्र बुडखा घट्ट असतो आणि वरचा भाग तुटून पाण्यात आडवा पडलेला असतो. कडेच्या दोन-तीन ओळी शाबूत राहतात, त्यामुळे बांधावरून चक्कर मारून घरी जाणाऱ्याला कापणीपर्यंत पत्ता लागत नाही. हे काम घुशीचं.

भिलाईच्या कडेला, कोहका-जुनवानीच्या शेजारी असलेल्या कुरुदच्या शिवारात हे दृश्य नवं नाही. (धमतरी जिल्ह्यातलं कुरुद वेगळं, हे भिलाईचं.) 4 फेब्रुवारी 1959 रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. मग शहर पसरत गेलं, त्यात नोकरीसाठी विदर्भातून आलेली मराठी कुटुंबंही होती. आज एका बाजूला कॉलनी आणि दुसऱ्या बाजूला धान, अशी कुरुदची स्थिती आहे. भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला हे शिवार परकं वाटत नाही. बांधाला तिकडे धुरा, इकडे मेड. तिकडे तणसाचा ढीग, इकडे पैरावट. आणि दोन्हीकडे रात्रीच्या त्याच दोन हजेऱ्या: जमिनीखालून येणारी घूस आणि वरून येणारं गव्हाणी घुबड. इथली जुनी मंडळी त्यांना मुसवा आणि घुघवा म्हणतात.

घुबड उंदीर खातं, म्हणून ते शेतकऱ्याचा मित्र, एवढं शाळेच्या पुस्तकातच संपतं. पण मग घुबडं असूनही घुशी का उरतात? आणि विष घातल्यावर पुढच्या हंगामात त्या जास्त का दिसतात? या प्रश्नांची उत्तरं दोघांची शरीरं आणि दोघांची वाढ शेजारी शेजारी ठेवून पाहिली की मिळतात.

जमिनीखालची वस्ती

घुशी दोन प्रकारच्या. गावातल्या गटारात, घराच्या पायात शिरणारी मोठी घूस किलोभर वजनाची होऊ शकते. धानात नुकसान करणारी बहुतेक वेळा छोटी घूस असते. तिचं शास्त्रीय नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस आणि वजन साधारण 200 ते 350 ग्रॅम. गोल तोंड, राठ काळपट केस आणि डिवचली तर केस फुलवून गुरगुरणारी.

तिचं बीळ ओळखायला सोपं. तोंडाशी ताज्या मातीचा ढिगारा असतो आणि तोंड आतून मातीने लिंपलेलं असतं. एका बिळाला अनेक तोंडं असतात. आत फांद्याफांद्यांचे बोगदे, गवत-पेंढा अंथरलेली पिल्लांची खोली आणि धान्य साठवायच्या खोल्या. पिल्लं असलेली मादी सोडली तर एका बिळात बहुधा एकच मोठी घूस राहते. धान पिकलं की ती नुसती खात नाही, लोंब्या तोडून आत ओढून नेते. एकेका बिळातून किलोंच्या हिशेबात धान निघतं. बिहारमधले मुसहर आणि तमिळनाडूतले इरुळा हे बिळं खणून धान्य आणि उंदीर मिळवत आले, ते याच साठ्यामुळे.

तिला बांधच का आवडतो? बांधीत पाणी असतं, त्यामुळे कोरडी जागा तेवढीच. पोहण्यात ती तरबेज असल्याने बांधावरून पाण्यात उतरून मधल्या धानापर्यंत जाणं तिला जड नाही. बांध रुंद आणि उंच असेल, वर गवत माजलेलं असेल तर तिला घरही मिळतं आणि आडोसाही.

शेतच कशाला, गोदामातही तिची वस्ती दाट होते. जे. जुआन स्पिलेट यांनी 1960च्या दशकात कलकत्त्याच्या धान्य-गोदामांतल्या याच घुशीचा अभ्यास केला. तो मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1968 मध्ये पुस्तकरूपाने काढला. धान्य आणि लपायला जागा या दोन गोष्टी मिळाल्या की तिची संख्या किती भराभर वाढते, याचा तो पहिला तपशीलवार हिशेब म्हणता येईल.

चेहऱ्याने ऐकणारा पक्षी

गव्हाणी घुबड साधारण 35 सेंटिमीटर लांबीचं. पाठ सोनेरी-राखाडी, पोट पांढरं, चेहरा बदामाच्या आकाराचा. ते 'घूऽ घूऽ' करत नाही, चिरकतं. पिल्लं भुकेने घोरल्यासारखा आवाज काढतात, आणि ओसाड इमारतींतल्या भुतांच्या अनेक गोष्टी तिथूनच निघाल्या असाव्यात.

त्याचा तो चेहरा छपरावरच्या डिशसारखं काम करतो. ताठ पिसांची किनार आवाज गोळा करून कानांच्या छिद्रांकडे वळवते. ही छिद्रं पिसांआड असतात आणि एका उंचीवर नसतात. डावं जरा वर, उजवं जरा खाली. याचा फायदा असा: घूस उजवीकडे खसखसली तर आवाज उजव्या कानात क्षणाचा अगदी छोटा अंश आधी पोहोचतो. त्यावरून डावं-उजवं कळतं. आवाज खालून आला तर तो डाव्या कानात अधिक जोरात ऐकू येतो, वरून आला तर उजव्या. त्यावरून वर-खाली कळतं. दोन्ही माहिती एकत्र झाली की अंधारात जागा ठरते.

हे अनुमान नाही, तपासलेलं आहे. पुढे देवमाशांच्या गाण्यांसाठी प्रसिद्ध झालेले अमेरिकी शास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण अंधाऱ्या खोलीत गव्हाणी घुबडाकडून उंदीर पकडून दाखवला. उंदराच्या मागे कागदाचा बोळा बांधून तो सरकू दिला, तेव्हा घुबडाने झडप घातली ती बोळ्यावर. म्हणजे त्याला वास किंवा शरीराची ऊब कामाची नव्हती, आवाजच कामाचा होता. मासाकाझू कोनिशी आणि एरिक नुडसेन यांनी 1978 मध्ये आणखी पुढचं दाखवलं. घुबडाच्या मेंदूत आवाजाच्या दिशांचा नकाशाच असतो, ठरावीक दिशेच्या आवाजाला ठरावीक पेशी जागी होते.

शिकार ऐकायची तर स्वतःचा आवाज आड यायला नको. पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते, मागच्या कडेला मऊ झालर आणि वर मखमली लव. हवा यातून फुटून जाते आणि फडफड होत नाही. डोळे खोबणीत पक्के बसलेले असतात, फिरत नाहीत. म्हणून मान जवळजवळ 270 अंशांपर्यंत वळते. माणसाच्या मानेत 7 मणके, घुबडाच्या 14.

आता दोघांची श्रवणशक्ती शेजारी ठेवू. उंदीर-कुळातले प्राणी 70-80 हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतात आणि काही संदेश माणसाला ऐकू न येणाऱ्या सुरात देतात. घुबड साधारण 12 हजार हर्ट्झच्या पलीकडे ऐकत नाही. म्हणजे घुशींचं आपसातलं बरंचसं बोलणं घुबडाच्या कानावर पडतच नाही. तिला पकडून देते ती तिच्या पायांखालची पानं आणि दातांखालचं धान. बांधावर वाळलेला पेंढा पडलेला असेल तर घुबडाला मदत होते. हिरवं दाट गवत असेल तर घुशीला.

दात आणि पेलेट

घुशीचे पुढचे चार दात आयुष्यभर वाढत राहतात. त्यांच्या फक्त पुढच्या बाजूला कठीण आवरण असतं. मागची मऊ बाजू आधी झिजते आणि दाताला आपोआप धार लागते. कुरतडलं नाही तर दात वाढून खाणंच बंद होईल, म्हणून ती जे खात नाही तेही कुरतडते. पाइप, वायर, पोत्याची शिवण.

घुबडाला दात नाहीत. लहान उंदीर ते अख्खा गिळतं, मोठ्याचे तुकडे करतं. पचेल ते पचतं आणि केस, हाडं यांचा गोळा करून काही तासांनी तोंडातून बाहेर टाकतं. पक्षी-अभ्यासक त्याला पेलेट म्हणतात. अंगठ्याएवढा, ताजा असताना काळा चकचकीत, वाळला की राखाडी. ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्यांपेक्षा घुबडाच्या पोटातलं आम्ल सौम्य असतं, त्यामुळे कवट्यासुद्धा आत शाबूत राहतात.

हा गोळा कोमट पाण्यात भिजवून सुईने सोडवला की घुबडाच्या जेवणाची यादी समोर येते. खालचा जबडा शोधायचा. पुढे दोन लांब, वाकडे, नारिंगी दात आणि मग मोकळी जागा असेल तर तो उंदीर. दातांची रांग सलग आणि टोकदार पांढरी असेल तर ती चिचुंद्री. कावेरीच्या खोऱ्यातल्या धानाच्या पट्ट्यात अशा पेलेटांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात भरणा शेतातल्या उंदीर-घुशींचाच निघाला. महाराष्ट्रात पुण्याच्या इला फाउंडेशनने घुबडांवर बरंच काम केलं आहे आणि पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत 2018 पासून उलूक उत्सवही भरवला आहे. तिथे मुलांना पेलेट उघडून दाखवलं की घुबडाची भीती जाते. हा प्रयोग कुरुदच्या शाळेतही करता येईल, खर्च शून्य.

एक मर्यादा लक्षात ठेवायची. पूर्ण वाढलेली घूस अंगाने घुबडाच्या निम्म्याहून जास्त भरते आणि चावते. त्यामुळे घुबडाच्या वाट्याला पिल्लं आणि अर्धवट वाढलेल्या घुशीच जास्त येतात. जुनी, मोठी घूस घुबडावर सोडून चालत नाही.

पिल्लांचं गणित

खरा फरक इथे आहे.

छोट्या घुशीचा गर्भकाळ साधारण 23 दिवस. एका वेताला सरासरी 6 ते 8 पिल्लं. विणल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लू तीन महिन्यांत विणण्याजोगं होतं. शिवाय विणीचा जोर धानाच्या वयाशी जुळतो. धान पोटरीवर आलं, दाण्यात दूध भरलं, की घुशीला पोषण मिळतं आणि पाळणा हलू लागतो.

गव्हाणी घुबड चार ते सात अंडी घालतं, साधारण दोन दिवसांआड एक. पहिल्या अंड्यापासूनच मादी उबवायला बसते, म्हणून पिल्लं पायरीपायरीने बाहेर येतात. महिनाभर उबवणं, मग पिल्लं उडेपर्यंत आणखी आठ-नऊ आठवडे. भक्ष्य भरपूर असेल तर सगळी जगतात, टंचाई असेल तर शेवटची धाकटी मरतात. उडून गेलेल्यांपैकीही बरीच पहिलं वर्ष पाहत नाहीत.

आता हिशेबापुरते आकडे धरू. एक घुबड रात्रीला 70 ते 100 ग्रॅम खातं. जोडी आणि चार पिल्लं मिळून रात्रीला अर्धा किलो धरले, तर 60 रात्रींत 30 किलो. शिकारीचं सरासरी वजन 60 ग्रॅम धरलं तर 500 उंदीर-घुशी. मुंबई महापालिकेच्या रात्रीच्या मूषकसंहारकांना पाळीमागे 30 उंदरांचं लक्ष्य असतं, हे अनेकदा छापून आलं आहे. घुबडाचं कुटुंब रात्रीला आठ-नऊ मारतं, पण पगार, सुट्टी आणि मुकादम नसताना.

दुसरी बाजू. ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये एका मादीची तीन वेतं आणि प्रत्येकी सात पिल्लं धरली तर 21. म्हणजे घुबडाच्या कुटुंबाने दोन महिन्यांत मारलेल्या 500 ची भरपाई करायला 24 माद्या पुरतात. हंगामाच्या सुरुवातीला त्या भागात 20 माद्या असतील तर घुबड हिशेब धरून ठेवतं. 100 असतील तर घुबड खात राहतं आणि घुशी वाढत राहतात.

घुबड असूनही घुशी का, याचं उत्तर या बेरजेत आहे. घुबड सुरुवातीची संख्या कमी असताना तिला वर चढू देत नाही. भडका उडाल्यावर तो विझवणं त्याला जमत नाही. म्हणून घुबड आधीपासून शिवारात वस्तीला असावं लागतं, आणि सुरुवातीच्या माद्या कमी करण्याचं काम माणसाने करावं लागतं.

विष कुठून कुठे जातं

माणूस बहुधा उलटं करतो. नुकसान दिसल्यावर, म्हणजे लोंब्या आल्यावर, विष आणतो. तेव्हा शेतभर ताजं धान असताना घूस आमिषाकडे फारशी वळत नाही.

बाजारात मुख्यतः दोन विषं. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू सोडतं आणि घूस काही तासांत मरते. पण थोडं चाखून आजारी पडलेली घूस पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस विष न घालता नुसतं आमिष ठेवून सवय लावायची, मग एकदाच विषारी आमिष द्यायचं. दुसरं ब्रोमॅडिओलोन. ते रक्त गोठू देत नाही आणि मरण यायला चार ते सात दिवस लागतात. घुशीला संशय येत नाही, हा त्याचा फायदा.

तोटाही त्याच दिवसांत आहे. विष खाल्लेली घूस सुस्त होते, उघड्यावर फिरते, अडखळते, पाचोळ्यात आवाज करते. घुबडाला याहून सोपी शिकार नाही. घुशीच्या यकृतातलं विष घुबडाच्या शरीरात जातं आणि साठतं. पुढे दोघांचा वेग कामाला येतो. उरलेल्या घुशींच्या दोन पिढ्या उभ्या राहतात, तोवर घुबडांची नवी जोडी घरटंही धरत नाही. विष घातलेल्या शिवारात पुढच्या वर्षी घुशी जास्त दिसतात, त्यामागचं हे एक ठोस कारण.

देव, दगड आणि कायदा

गंमत अशी की दोघंही वाहनं. घुबड लक्ष्मीचं, उंदीर गणपतीचं. तरी घुबड घरावर बसलं की अपशकुन, आणि एखाद्याला घुबड म्हणणं ही शिवी. घुबडाला दगड मारला तर ते तो घासत बसतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, ही समजूत भाबडी खरी, पण तिने कितीतरी घुबडं वाचवली असतील. याउलट दिवाळीच्या दिवसांत तंत्रमंत्रासाठी घुबडं पकडली जातात. पक्षी-तज्ज्ञ अबरार अहमद यांनी वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक इंडिया या संस्थेसाठी केलेल्या आणि 2010 मध्ये आलेल्या अहवालाने हा चोरटा बाजार उजेडात आणला.

कायद्याने दोघांना दोन टोकांना बसवलं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार घुबड मारणं, पकडणं, विकणं गुन्हा. त्याच कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उंदीर 'उपद्रवी' म्हणून कित्येक वर्षं नोंदलेले होते. 2022 च्या दुरुस्तीत ती अनुसूची गेली, पण शेतातल्या घुशीला कुणी आसरा देईल असं नाही.

घुबडाला घर दिलं तर

गव्हाणी घुबड स्वतः घरटं बांधत नाही. जुन्या आंब्या-पिंपळाची ढोली, पडका वाडा, पाण्याच्या टाकीखालचा कोनाडा, कारखान्याची शेड, जे मिळेल ते. शिवाराचे प्लॉट पडले की आधी जुनी झाडं जातात आणि त्यांच्याबरोबर ढोल्या. कुरुदसारख्या गावात अन्न आहे, घरं कमी होत आहेत.

म्हणून लाकडी पेट्या. इस्रायलच्या बेत शेआन खोऱ्यात स्दे एलियाहू या सामुदायिक शेतीवर 1983 मध्ये पेट्या लावायला सुरुवात झाली. नंतर शेजारच्या जॉर्डनचे शेतकरीही त्यात आले, कारण घुबड सीमा पाळत नाही. मलेशियात पाम तेलाच्या मळ्यांत पेट्या लावून घुबडं वाढवली गेली. आपल्याकडे लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर नारळ पोखरणाऱ्या उंदरांसाठी 2019 मध्ये गव्हाणी घुबडांचा प्रयोग हाती घेण्यात आला. पेट्या चालतात त्यामागे या पक्ष्याचा स्वभाव आहे. तो घरट्याची जागा राखतो, शिकारीच्या भागासाठी शेजाऱ्याशी फारसा भांडत नाही. त्यामुळे अन्न असेल तर एका शिवारात अनेक जोड्या नांदतात.

धानाच्या दिनदर्शिकेप्रमाणे

वरचं सगळं कामाला लावायचं तर महिने पाळावे लागतील.

मे-जून: बिळांवर हल्ला करायची ही वेळ. शेतात खायला काही नसतं, माद्या कमी असतात. बांध छाटून एक फुटाच्या आत रुंद ठेवायचे. अरुंद बांधात घुशीचं बीळ टिकत नाही. संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवायची, सकाळी जी उघडलेली दिसतील ती चालू बिळं. आमिष फक्त तिथे, बिळाच्या आत, कृषी विभागाच्या सल्ल्याने. हे काम एकट्याने करून उपयोग नाही. शेजारच्या बांधातली घूस आठवड्यात येते. सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात करावं.

जुलै: रोवणी आसपासच्या सगळ्या बांध्यांत शक्यतो दोन आठवड्यांत उरकावी. धान मागे-पुढे पिकलं की घुशींना लांब हंगाम मिळतो आणि एक वेत वाढतं.

ऑगस्ट-सप्टेंबर: बांधावरचं गवत कापून ठेवायचं. दीड-दोन माणूस उंचीचे, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे पक्षी थांबे रोवायचे. दिवसा त्यावर कापशी घार बसते, रात्री घुबड. दाणा पक्का होऊ लागला की थांबे काढायचे, नाहीतर त्यावर धान खाणारे पक्षी येऊन बसतात.

लोंब्या आल्यावर ब्रोमॅडिओलोन टाळायचं. याच वेळी घुबडाच्या घरट्यात पिल्लं असू शकतात. नुकसान फार असेल तर पिंजरे आणि चालू बिळं खणणं हाच मार्ग.

कापणीनंतर कोठारात (खळ्यात) पैरा, म्हणजे तणस, जमिनीला टेकवून रचू नये. खाली दगडांवर फळ्या टाकल्या की घुशीला पायथ्याशी बीळ धरता येत नाही. पेटी लावायची असेल तर हीच फुरसत. तळाला बळकट, दार वितीहून थोडं कमी, पावसाच्या झोताकडे पाठ, वर्दळीपासून दूर आणि दोन माणसं उंचीच्या वर. पहिल्या वर्षी घुबड आलं नाही म्हणून ती काढू नये.

यातलं महागडं काही नाही. अवघड आहे ते सगळ्यांनी एका आठवड्यात एकत्र येणं, आणि तेही मे महिन्याच्या उन्हात, जेव्हा शेतात नुकसान दिसत नसतं.